चौघांत एकच गाडी की आपापली?

ऑटोक्रॉसला जायचं ठरलं की आमच्या सोलापूरच्या कट्ट्यावर पहिला वाद हाच. मोकळ्या मैदानात शंकू मांडलेले, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत. शंकू पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात.

आपापली गाडी नेली तर हाताला सवय असते. क्लच कुठं धरतो ते पायाला ठाऊक. पण पुण्याकडं जायचं तर एकेरी अडीचशे किलोमीटर, चार गाड्यांचं पेट्रोल, चार गाड्यांचे टायर. आणि सोमवारी त्याच गाडीनं कामावर जायचंय, हे तिसऱ्या वळणावर नेमकं आठवतं.

एकाच जुन्या स्विफ्टमध्ये खर्च चौघांत वाटला जातो. खरी गंमत टायरची. ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी; ओढणं, वळणं आणि ब्रेकचा बराचसा भार पुढच्याच टायरांवर. एक उतरला की लगेच दुसरा बसतो, टायर निवायला वेळच नाही. मग पकड सुटते, स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जातं. म्हणून एकजण फवारणीचा पंप घेऊन टायरवर पाणी मारतो, दुसरा हवेचा दाब बघतो, तिसरा सावलीत शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडून बसलेला असतो. तो मीच, बहुतेक वेळा.

गाडी बिघडली तर मात्र चौघंही घरी. तरी मी एकाच गाडीच्या बाजूनं. फक्त गॅरेजचं बिल कोण भरणार, ते निघायच्या आधी ठरवा.