थोडक्यात वाचला की थोडक्यात हुकला?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीसाठी मी ८० रुपयांना इंग्रजी वाक्प्रचारांची एक खिशात मावणारी पुस्तिका घेतली, आणि तिच्यातले जवळिकीच्या वाक्प्रचारांचे प्रकरण आम्ही दोघांनी बारकाईने वाचले. छपाई ठळक आहे आणि विषयवार मांडणी सोयीची आहे. तक्रार आहे ती मराठी अर्थांविषयी.

‘अ स्टोन्स थ्रो’ला ‘हाकेच्या अंतरावर’ हा प्रतिशब्द पाहून बरे वाटले, कारण इंग्रजांनी जे अंतर दगड भिरकावून मोजले ते आपण हाक मारून मोजतो. हे माप जुने आहे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशू शिष्यांपासून ‘स्टोन्स कास्ट’ इतका दूर जाऊन प्रार्थना करतो. ‘चीक बाय जाउल’साठी दिलेले ‘अगदी खेटून’ही चपखल आहे. ‘ॲज द क्रो फ्लाइज’चा अर्थ मात्र नुसता ‘जवळ’ असा छापला आहे, तो चूक आहे. ते सरळ रेषेतले अंतर असते, मग ते चार किलोमीटर असो वा चारशे. आंबेनळी घाटाची वळणे घेत महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्याला कावळ्याची वाट आणि एसटीची वाट यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही.

‘अराउंड द कॉर्नर’पाशी तर पुस्तिकेने ‘परीक्षा कोपऱ्यावर आली आहे’ असे वाक्य दिले आहे. मराठीत परीक्षा तोंडावर येते. कोपऱ्यावर पानाची टपरी असते.

सर्वांत मोठा घोटाळा पुढे आहे. ‘क्लोज शेव्ह’, ‘बाय द स्किन ऑफ वन्स टीथ’ आणि ‘क्लोज बट नो सिगार’ या तिन्हींपुढे एकच शब्द आहे: थोडक्यात. पहिल्यात संकट अंगाला चाटून जाते आणि माणूस वाचतो. दुसऱ्यातही तो कसाबसा निभावतोच. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये ईयोब आपण दातांच्या कातडीनिशी सुटल्याचे म्हणतो, आणि दातांना कातडी नसतेच, यावरून ती सुटका किती निसटती होती ते कळते. तिसऱ्यात मात्र माणूस हरलेला असतो. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये नेमबाजीसारख्या खेळांत सिगार बक्षीस मिळत असे आणि नेम जरासा चुकला तरी तो हातचा जात असे, अशी त्याची प्रचलित उपपत्ती आहे. आपला ‘हातातोंडाशी आलेला घास गेला’ तिथे नेमका बसला असता. मराठीतला ‘थोडक्यात’ वाचण्यालाही चालतो आणि हुकण्यालाही, म्हणून पुढचे क्रियापद गाळले की उमेदवाराने पर्याय निवडायचा तरी कशाच्या आधारे?

या किमतीत सरावापुरती पुस्तिका घ्यायला हरकत नाही, परंतु शेजारी चांगला शब्दकोश हवाच. भाचीच्या प्रतीत मी समासात पेन्सिलीने दोनदा ‘वाचला’ आणि एकदा ‘हुकला’ असे लिहून दिले आहे.