सुप्त कासदाह: प्रश्नावली की प्रत्यक्ष चाचणी?

पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थिनीला गायींमधील सुप्त कासदाहावर, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या कासेच्या दाहावर, छोटे संशोधन करायचे आहे. पशुपालकांना प्रश्न विचारावेत की गोठ्यात जाऊन दूध तपासावे, असा पेच तिच्यापुढे आहे.

खर्चात प्रश्नावली उजवी. छपाई आणि एसटीचे भाडे एवढ्यात भागते. चाचणीचे द्रावणही फार महाग नसते, मात्र धारेच्या वेळीच गोठा गाठावा लागतो, आणि नवख्या माणसाला पाहून गायीने पान्हा चोरला तर ती पहाट वायाच जाते.

खरा फरक विश्वासार्हतेत आहे. या आजारात कास सुजत नाही, दूधही नेहमीसारखेच दिसते, त्यामुळे पशुपालक अगदी प्रामाणिकपणे ‘आजार नाही’ असेच सांगणार. याउलट, पहिल्या धारा टाकून चारही सडांचे दूध पॅडलच्या (हातात धरायच्या पसरट पात्राच्या) चार कप्प्यांत घेतले आणि तितकेच कॅलिफोर्निया चाचणीचे द्रावण मिसळून ते गोल फिरवले, की दाहामुळे दुधातील पेशी वाढलेल्या असल्यास मिश्रण काही सेकंदांत दाट, चिकट होते. जंतू कोणता, हे मात्र त्यातून कळत नाही.

आजाराचे प्रमाण मोजायचे असेल तर चाचणीच करावी. धारेपूर्वी कास धुतात का, प्रतिजैविके अर्धवट सोडतात का, हे जाणायचे असेल तर प्रश्नावली पुरेशी आहे.