पडीक रानात इंधनाची झाडं: करारात शेतकरी नेमका कुठे फसतो

‘पडीक रानात इंधनाची झाडं लावा, माल आम्ही घेतो’ हा डाव जुनाच आहे, फक्त झाड बदलतं. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने रतनज्योतीचा, म्हणजे बियांच्या तेलापासून बायोडिझेल बनवायच्या जेट्रोफाचा, हिशोब मांडला होता: हेक्टरी २,५०० झाडं, झाडामागे दीड किलो बी, एकूण पावणेचार टन. एजंटांनी हा आकडा उचलला, ‘एकरी दीड टन’ असा गावोगाव फिरवला आणि त्याच्या जोरावर रोपं खपवली. हलक्या कोरडवाहू रानात मात्र हेक्टरी एक टन बी निघायचीही मारामार झाली. रतनज्योत पाण्यावाचून जगते, पण पाण्यावाचून पिकत नाही. एका मादी फुलामागे वीसेक नर फुलं असतात, त्यात फुलोऱ्यात ताण बसला की फळं आणखी घटतात. तीही एकदम पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडाशी पुन्हा पुन्हा वेचणी करावी लागते. गुरं पाल्याला तोंड लावत नाहीत, हे विकणाऱ्याने गुण म्हणून सांगितलं. पेंडही विषारी असते आणि गुरांना घालता येत नाही, हे सांगायचं राहिलं.

भावाचं गणितही तेव्हाच उघडं होतं. २००६ च्या सुरुवातीला बायोडिझेलचा सरकारी खरेदीभाव लिटरला २५ रुपये होता. साध्या घाण्यावर लिटरभर तेलाला साडेतीन ते चार किलो बी लागतं. बी ५ रुपये किलोने घेतलं तरी साडेसतरा ते वीस रुपये तिथेच गेले. गाळप, प्रक्रिया, वाहतूक हे सगळं उरलेल्या पाच-सात रुपयांत बसवायचं. असा खरेदीदार रानात येणार कशाला?

आता तीच बोलणी कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाळायच्या लाकडासाठी होतात. सुबाभूळ, निलगिरी, मिलिया डुबिया ही नावं घेतली जातात. झाडं वाईट नाहीत. पण एजंट जो ‘एकरी इतके टन’ आकडा सांगतो तो बहुधा खोल जमिनीतला, पाणी दिलेल्या लागवडीचा असतो. त्याला चार गोष्टी विचाराव्यात: माती किती खोल, पाऊस किती, तोड कितव्या वर्षी, आणि टन ओल्या लाकडाचे की सुक्या? चौथ्या प्रश्नाला बहुतेकांची बोबडी वळते. आपल्या रानातही मीटरभर खड्डा घेऊन पाहावा. फुटावरच कठीण मुरूम किंवा खडक लागला, तर त्याने सांगितलेला आकडा विसरा. सुबाभळीला पाणथळ जमीनही चालत नाही.

पैसे लाटायची पहिली जागा म्हणजे रोपं. नोंदणी फी आणि रोपांचे पैसे आगाऊ घेतले की एजंटाचं काम झालं, पुढे झाड वाढो न वाढो. ‘टिश्यू कल्चर’ (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली) म्हणून साधी बियांची रोपं दिली जातात. खऱ्या टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन पद्धत आहे. तिचं लेबल आणि बॅच क्रमांक मागा. दोन-चार पिशव्या फाडून मुळं पाहा. तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते रोप शिळं आहे, आणि असं झाड पुढे वाऱ्याने उलथतं.

दुसरी जागा खरेदीच्या कलमात. ‘प्रचलित दराने’ आणि ‘कंपनीच्या निकषांस पात्र ठरल्यास’ हे शब्द असले की खरेदीची हमी उरलीच नाही. किमान भाव, तोडणी आणि वाहतूक कोणाची, साल व बारीक फांद्या धरणार की नाही, किती दिवसांत उचल, हे लिहिलेलं हवं. करार मध्यस्थाशी होत असेल तर कारखान्याचं खरेदीपत्र दाखवायला सांगा.

तिसरी जागा वजनकाटा, आणि इथे शिकलेलेही फसतात. ताजं तोडलेलं लाकूड जवळपास निम्मं पाणी असतं. करारात ‘२० टक्के ओलाव्यावर दर’ असेल तर ५० टक्के ओलाव्याच्या १० टन लाकडाचे ६.२५ टन (५ टन सुकं लाकूड भागिले ०.८) धरले जातात. इथवर ठीक. पण ओलावा दोन रीतींनी मोजतात: पाणी एकूण वजनाच्या किती टक्के, किंवा सुक्या लाकडाच्या वजनाच्या किती टक्के. करारातला आकडा बहुधा पहिल्या रीतीचा, आणि लाकडात सुया टोचून ओलावा मोजणारा हातातला मीटर दाखवतो बहुधा दुसऱ्या रीतीचा. मीटरवरचे २५ टक्के म्हणजे एकूण वजनाशी बरोबर २० टक्के, त्यात कपात शून्य. तरीही ‘२५ आलं’ म्हणून १० टनांचे ९,३७५ किलो धरले की सव्वासहाशे किलो गेले. मीटर पूर्ण बरोबर असून! शिवाय सुमारे ३० टक्क्यांपुढे हे मीटर भरवशाचे नसतात.

म्हणून मोजणीची रीत करारातच लिहून घ्या: ओंडक्याच्या मधून चकती कापायची, लगेच तोलायची, १०३ ते १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची, घटलेलं वजन भागिले ओलं वजन. अर्धी चकती सही करून स्वतःकडे ठेवा, पण लगेच हवाबंद पिशवीत, नाहीतर ती वाळून जाते.

रोपांची पावती, लेबल, जाहिरातीचा कागद आणि लागवडीचे तारखेसह फोटो जपा, सातबाऱ्यावर लागवडीची नोंद करून घ्या. बियाण्याच्या वादात ग्राहक मंचापुढे कंपन्या ‘शेतकरी ग्राहक नाही’, ‘करारात लवादाची (कोर्टाबाहेरच्या पंचाची) अट आहे’ अशी ढाल पुढे करत. २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही म्हणणी फेटाळली. रोपांच्या तक्रारीतही वकिलाला हा निकाल आधी दाखवा.