टोकं उडाली: ३,३०० येनची हाशी, आठ महिन्यांनंतर

टोकं गेली. हाशी म्हणजे जेवायच्या जपानी काड्या; दोन्ही काड्यांच्या टोकांचा थर उडालाय, पट्टी लावून मोजलं तर दीड सेंटिमीटर. खालचं लाकूड उघडं पडलंय आणि मिसो सूपमध्ये बुडवलं की खरखरीत लागतं.

दुकानात फोन केला. पलीकडच्या बाईंनी चार वेळा माफी मागितली आणि तितक्याच गोडीने विचारलं, "डिशवॉशरमध्ये धुता का?" धुतो. मनाई डबीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली. माफी मिळाली, पैसे नाही.

संताप याचा, की ११० येनच्या दुकानातली जोडी दीड वर्ष त्याच डिशवॉशरमध्ये आंघोळ करतेय आणि तिला ओरखडा नाही! तिच्यावर प्लास्टिकचा थर. माझी वाकासा-नुरी, म्हणजे फुकुई प्रांतातल्या ओबामा शहराच्या पद्धतीने रोगण चढवलेली, खऱ्या उरुशीची. (आपण सरसकट 'लाखकाम' म्हणतो. लाख किड्याची, उरुशी म्हणजे झाडाचा चीक.) तिला ती कडक पावडर आणि शेवटची गरम हवा सोसत नाही.

टोकाचं एवढं काय, म्हणाल. अहो, हाशी म्हणजे टोकच; मागचं सगळं धरायला. चिनी काड्यांपेक्षा जपानी काड्या निमुळत्या. भाजलेल्या सान्मा माशाचा काटा अख्खा उचलून बाजूला ठेवता येतो. ११० वालीच्या बोथट टोकांनी त्याच माशाचा चिवडा होतो.

इथवर एकच तारा देणार होतो. मग बायकोची जोडी पाहिली. एकाच डबीतली, नवरा-बायकोची मेओतो-बाशी. ती हाताने धुते, फडक्याने पुसते. अंड्याच्या कवचाची नक्षी पहिल्या दिवसासारखी. म्हणजे माल चोख, गाढव मी. तीन तारे. चौथा त्या मुंगीएवढ्या अक्षरांनी खाल्ला.

तिचीच वापरू म्हटलं, तर पाळणाघरात जाणारी लेक ओरडली, "बाबा, ती आईची!" इथल्या घरांत हाशी आणि भाताचा वाडगा ज्याचा त्याचा. शिवाय मापही असतं: अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणून टोकाटोकातलं अंतर, त्याच्या दीडपट. माझी २३ सेंटिमीटर, तिची २१. हातात धरली तर खरंच तोकडी वाटली.

नवी घेणार, पण सेल लागल्यावर. तोवर ११० वाली. सोललेली जोडी गॅसवर पापड भाजायला लावलीय. चिमट्यापेक्षा बरी, पापड मोडत नाही.