पुन्हा प्रवेश परीक्षा द्यावी की मिळेल तो प्रवेश घ्यावा? मुंबईतील विद्यार्थ्यांसाठी तुलनात्मक आढावा

बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले की घरात जो वाद सुरू होतो, तो बहुतेक वेळा चुकीच्या दोन गोष्टींची तुलना करत असतो. एका बाजूला हाती आलेला, मनाला न पटणारा निकाल असतो आणि दुसऱ्या बाजूला पुढच्या वर्षी लागेल अशी आशा असलेला, अजून कोणीही न पाहिलेला निकाल. अशा सामन्यात पुढचे वर्षच जिंकते. तुलना करायचीच तर यंदा प्रत्यक्ष मिळू शकणारी जागा आणि एक वर्ष खर्च करून वाजवी अंदाजाने मिळू शकेल अशी जागा, या दोन जागांची केली पाहिजे. म्हणून ड्रॉप घेण्याचे, म्हणजे यंदा प्रवेश न घेता वर्षभर पुन्हा तयारी करण्याचे, मन जवळजवळ पक्के झाले असले, तरी कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) अर्ज भरावा आणि किमान पहिल्या फेरीचे वाटप पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणती जागा नाकारतो आहोत हे ठाऊक नसताना घेतलेला ड्रॉप म्हणजे निव्वळ रुसवा ठरू शकतो.

प्रथम निकालाचा अर्थ नीट लावावा. एमएचटी-सीईटी या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण होय. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला अलीकडे चार लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात, त्यामुळे एक पर्सेंटाइल म्हणजे साधारण चार हजार विद्यार्थी, असा ढोबळ हिशेब धरता येतो. 88 पर्सेंटाइल असलेल्याच्या पुढे जवळपास 48 हजार विद्यार्थी असतात आणि 94 असलेल्याच्या पुढे 24 हजार. मधल्या पट्ट्यात विद्यार्थ्यांची दाटी असल्याने थोड्या गुणांनीही क्रमांक बराच हलतो आणि चर्चगेट ते कल्याण या टापूतील महाविद्यालयांच्या निवडीत त्याचा फरक दिसतो. याउलट माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील कॉम्प्युटरसारख्या शाखांची यादी खुल्या प्रवर्गात 99 पर्सेंटाइलच्याही वर बंद होते. तिथे पोहोचायचे तर सुधारणा पुरत नाही. जवळजवळ निर्दोष पेपर लागतो. 98 वरून तिथे जाण्यासाठी वर्ष देणारा आणि 85 वरून 93 वर जाण्यासाठी वर्ष देणारा, या दोघांचे निर्णय वरून सारखे दिसले तरी त्यांतील जोखीम अगदी निराळी आहे.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक घरांत तो विचारलाच जात नाही: गुण नेमके कुठे गेले? परीक्षेनंतर विद्यार्थ्याला स्वतःची उत्तरे आणि उत्तरसूची लॉगिनमधून पाहता येते. ती समोर ठेवून चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहावे: धडा वाचलाच नव्हता, संकल्पना कच्ची होती, आकडेमोड चुकली, की वेळ संपली. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तिथे कोरा राहिलेला प्रश्न सहसा एकच गोष्ट सांगतो, ती म्हणजे वेळ पुरला नाही. जेईई (आयआयटी, एनआयटीसारख्या संस्थांसाठीची परीक्षा) आणि नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) यांमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होत असल्याने तिथला कोरा प्रश्न शहाणपणाचाही असू शकतो.

या यादीतून जे चित्र उभे राहते, त्यावर निर्णय बेतावा. सीईटीत गणिताच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण असतात, म्हणजे 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात आणि त्यासाठी 90 मिनिटे मिळतात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मिळून उरलेले 100 गुण उरलेल्या 90 मिनिटांत सोडवायचे असतात. अकरावीच्या ठरावीक धड्यांना सुमारे 20 टक्के वजन आहे. अकरावी क्लासच्या धावपळीत तशीच गेली आणि ते प्रश्न हातचे गेले, अशी स्थिती असेल, तर ही तूट काही महिन्यांत भरून निघण्याजोगी आहे आणि ड्रॉपच्या बाजूने तो भक्कम मुद्दा ठरतो. वेगाची तूटही सरावाने कमी होते. मात्र वर्षभराच्या मॉक टेस्टमध्ये जेवढे गुण पडत होते, तेवढेच परीक्षेतही पडले असतील, तर परीक्षेने दगा दिला असे म्हणता येणार नाही. तोच क्लास, त्याच नोट्स आणि तोच दिनक्रम घेऊन दुसरे वर्ष काढल्यास निकालही त्याच आसपास लागण्याचा संभव अधिक.

परीक्षेनुसारही उत्तर बदलते. 2026च्या प्रवेशांपासून पीसीएम आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटांची सीईटी एप्रिल आणि मे अशी दोनदा घेऊन त्यांतील चांगला निकाल ग्राह्य धरण्याचा निर्णय झाला आहे. एप्रिलचा पेपर बिघडलेल्याने मेमध्ये पुन्हा बसावे की नाही, यावर काथ्याकूट करण्याचे कारण नाही. अर्ज मुदतीत भरावा आणि बसावे. पण दोन्ही वेळा निकाल जवळपास सारखाच आला, तर ‘त्या दिवशी बरे नव्हते’ हा युक्तिवाद लंगडा पडतो आणि ड्रॉपची बाजू तेवढी कमकुवत होते. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते आणि बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षे देता येते. त्यापुढची, आयआयटी प्रवेशासाठीची जेईई अॅडव्हान्स्ड मात्र सलग दोन वर्षांत दोनदाच. शिवाय एकदा आयआयटीतील जागा स्वीकारली की पुन्हा अॅडव्हान्स्डला बसता येत नाही, हे पवईचे स्वप्न पाहणाऱ्यांनी आधीच वाचून ठेवावे.

नीटचा मामला वेगळा आहे. ती वर्षातून एकदाच होते, तिला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि एमबीबीएसला आडवाट नाही. अभियांत्रिकीत कमी पसंतीच्या महाविद्यालयातूनही अभियंताच होता येते. परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे., मुंबई सेंट्रलचे नायर किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय यांच्याशी जोडलेली महाविद्यालये हुकली आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क झेपत नसले, तर बीडीएस, बीएएमएस किंवा फिजिओथेरपी ही एमबीबीएसची पर्यायी नावे नसून स्वतंत्र व्यवसाय आहेत. त्यामुळे एका ड्रॉपच्या बाबतीत मी नीटच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक झुकते माप देईन. दुसऱ्या ड्रॉपच्या बाबतीत मात्र हे माप तसेच राहत नाही, कारण तोपर्यंत तयारीचे पहिले पूर्ण मोकळे वर्ष अजमावून झालेले असते.

आता वर्षाचीच तुलना करू. महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या दिवसाला वेळापत्रक असते, सोबती असतात आणि वर्षअखेरीस हाती काही श्रेयांक असतात. ड्रॉप घेतलेल्याचा दिवस पूर्ण रिकामा असतो, हे ऐकायला मोठे भांडवल वाटते. परंतु दीड खोलीच्या घरात, दुपारी शेजाऱ्यांचा टीव्ही आणि संध्याकाळी पाहुणे असताना ते भांडवल किती टिकते, हे ज्याचे त्याने पाहावे. जवळ अभ्यासिका आहे का, तिथे रोज जाणे जमेल का, रिपीटर बॅच (पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचा क्लास) घरापासून किती दूर आहे, हे प्रश्न किरकोळ वाटले तरी मुंबईत ते निर्णायक ठरतात. बदलापूरहून दादरला क्लाससाठी जाणारा विद्यार्थी येण्याजाण्यात रोज तीन तास घालवत असेल, तर वर्षभर मोकळा असूनही त्याच्या हाती महाविद्यालयात जाणाऱ्यापेक्षा फारसा अधिक वेळ उरत नाही.

‘प्रवेश घेऊन ठेवू आणि बाजूने तयारी करू’ हा तिसरा मार्ग सर्वांत सुरक्षित वाटतो, आणि अभियांत्रिकीसाठी मला तोच सर्वांत कमी पसंत आहे. प्रॅक्टिकल, सबमिशन, हजेरीची अट आणि लोकलचा प्रवास यांतून सीईटीच्या वेगाचा सराव सहसा उरत नाही; उलट पहिल्याच सत्रात केटी लागली (एखादा विषय राहिला) की दोन्हीकडचे मन उडते. बीएस्सीसारख्या तुलनेने मोकळ्या अभ्यासक्रमात नीटची तयारी करणाऱ्यांना हे काही अंशी जमते. तरीही त्यांनी प्रवेश रद्द केल्यास शुल्क कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते, हे संस्थेकडून लेखी समजून घ्यावे.

अभियांत्रिकीत प्रवेश घेणे म्हणजे तडजोड कायमची झाली, असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिक्त जागांवर शाखा बदलता येते, तिसऱ्या वर्षापासून गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन नामांकित संस्थेत एमटेकचा मार्ग धरता येतो, आणि बारावीला गणित असलेल्या बीएस्सी पदवीधराला थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीही खुले आहे. म्हणून शाखा मनासारखी आणि महाविद्यालय थोडे कमी नावाचे, अशी जागा मिळत असेल तर ती घ्यावी, असे मी सुचवेन. नकोशी शाखा आणि दूरचे महाविद्यालय असे दोन्ही एकदम पदरी पडत असेल, आणि उत्तरसूचीने भरून निघण्याजोगी तूट दाखवली असेल, तर वर्ष देण्यात अर्थ आहे.

खर्चाची बाजू पालकांनी मुलासमोर मोकळेपणाने मांडावी. रिपीटर बॅचचे शुल्क दिसते, पण नोकरी एक वर्ष उशिरा लागणे हाही खर्चच आहे आणि धाकटे भावंड दोन वर्षांनी बारावीला असेल तर तो अधिक जाणवतो. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य जानेवारीत ऐकवले जाणार असेल, तर जूनमध्येच नकार दिलेला परवडतो.

ड्रॉप ठरलाच, तर कागदपत्रांकडे लगेच लक्ष द्यावे. यंदाचे सीईटीचे गुण पुढील वर्षीच्या प्रवेशाला चालत नाहीत, तशीच यंदाची सर्व प्रमाणपत्रेही चालतीलच असे नाही. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रावरील मुदत तपासावी, ईडब्ल्यूएसचे (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे) प्रमाणपत्र नव्या वर्षासाठी पुन्हा काढावे, जात पडताळणी रखडली असेल तर या मोकळ्या वर्षात ती मार्गी लावावी आणि प्रवेशाच्या वेळी गॅपचे (शिक्षणातील खंडाचे) प्रतिज्ञापत्र मागितले जाते हे लक्षात ठेवावे. तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात खरी गर्दी निकालानंतर उसळते. दिवाळीच्या सुट्टीनंतर गेल्यास हीच कामे बरीच सुकर होतात.