कॅनडातल्या वॉटर्लूमधली घर-तपासणी: बर्फातही चोख काम

ख्रिसमसच्या सुट्टीत सासू-सासरे पुण्याहून आलेले, बाहेर ढीगभर बर्फ, आणि त्यातच आमच्या पहिल्या घराची ऑफर मान्य झाली. अशा दिवसांत घर तपासणारे हे इन्स्पेक्टर वेळेवर आले, हेच मोठं.

छत बर्फाखाली होतं. तपासता आलं नाही, असं त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं. अंदाजाने ‘ठीक’ असा शेरा मारला नाही. मग ॲटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) चढून टॉर्चच्या उजेडात फळ्यांवरचे ओलीचे काळे डाग दाखवले. बाथरूमच्या पंख्याची नळी बाहेर न काढता तिथेच सोडली होती, त्यामुळे आंघोळीची वाफ थंड फळ्यांवर जमायची. सासरे स्वतः शिडी चढून बघून आले! फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र) नीट चालवून पाहिला. कडाक्याच्या थंडीत एसी चालवला तर कॉम्प्रेसर बिघडू शकतो, म्हणून तो तपासणार नाही, हे आधीच सांगितलं.

फी जरा जास्त आहे. पण एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं करसवलतीचं बचत खातं) खात्यात वर्षाला ८,००० डॉलरच्या मर्यादेत साठवलेले पैसे या घरात घालतोय, तिथे कंजुषी कशाला? डाग दाखवल्यावर विक्रेत्याने किंमतही कमी केली.

हिवाळ्यात घर घेत असाल तर बर्फ वितळल्यावर छत तपासून देण्याचं लेखी घ्या. आम्हाला त्यांनी त्याच फीमध्ये दिलंय.