वाशीतली परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी: तीन शनिवार आणि पंधरा हजार

माझी सुट्टी शुक्रवार-शनिवारची. ऐरोलीला एका बँकेच्या बॅक ऑफिसात आहे. क्लायंट सौदीचा, त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्यामुळे घरी मटणाला फोडणी पडते तेव्हा मी कॅबमध्ये असते. म्हणून वाशी सेक्टर 17 मधल्या या ऑफिसात गेले ते तिन्ही वेळा शनिवारीच. नाव देत नाही. तिथल्या एका मुलीने मनापासून मदत केली, तिला त्रास नको.

मला इस्लामिक फायनान्समध्ये, म्हणजे व्याज निषिद्ध मानून चालणाऱ्या बँकव्यवहारात, एमएस्सी करायचं आहे. हे खूळ डोक्यात शिरलं एका परत आलेल्या फाइलमुळे. मुराबाहाची डील होती. यात बँक पैसे उसने देत नाही. आधी माल स्वतः विकत घेते आणि त्यावर नफा चढवून गिऱ्हाइकाला हप्त्यांनी विकते. आमच्या डीलमध्ये माल अ‍ॅल्युमिनियम होता. रक्कम बरोबर, सह्या बरोबर. फक्त गिऱ्हाइकाला विकल्याची वेळ 11.02 आणि बँकेने माल घेतल्याची 11.09. म्हणजे बँकेने जे स्वतःचं नव्हतंच ते विकलं. साध्या कर्जाच्या प्रोसेसला हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे त्या सात मिनिटांपायी नफ्यावर पाणी, तो दानात टाकावा लागतो. असं का, हे टीममध्ये कुणालाच सांगता येईना. चेकलिस्ट मात्र सगळ्यांना पाठ.

घरी बाबांना सांगितलं. त्यांची 31 वर्षं पतपेढीत गेली. म्हणाले, "व्याज नाही तर दिवे कसले लावतात?" मी कागदावर मांडून दाखवलं: 8 लाखांची गाडी, बँकेने विकली 9 लाख 20 हजारांना, 23 हजारांचे 40 हप्ते.

"मग हा उधारीचा भाव झाला की! वाणी रोखीचा वेगळा आणि उधारीचा वेगळा लावायचाच." थोडं थांबून, "आणि हप्ता थकला तर?"

"किंमत वाढत नाही बाबा. दंड लावला तरी बँकेने ठेवायचा नाही, दान करायचा."

वसुलीत केस पांढरे झालेला माणूस. "मग लोक भरतील कशाला?" असं विचारून पेपर उघडून बसले. मला याचंही उत्तर येत नव्हतं.

तर कन्सल्टन्सी. एसी इतका की ओढणी कानांवरून घ्यावी लागली. काउन्सेलर सरांनी बी.कॉम.चे टक्के विचारले, मग आडनाव दोनदा वाचलं. "मॅडम, हा विषय तुम्ही कशाला?" लगेच बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचं ब्रोशर पुढे. ब्रिटनमधल्या डरहम विद्यापीठाचं नाव त्यांना माहीत होतं, पण रँकिंगपुरतं. क्वालालंपूरचं इन्सेफ विद्यापीठ, जे मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने 2005 मध्ये याच विषयासाठी उभं केलं, ते माझ्यासमोर मोबाइलवर शोधलं. आणि वर, "भारतात इस्लामिक बँका येणारच आहेत, आत्ता शिकून ठेवा." रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती हे खरं, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न्यायचा नाही असं सांगून टाकलं. हे मी बोलले तर म्हणाले, "पॉलिसी काय, बदलते." या वाक्यावर मी पंधरा हजार रजिस्ट्रेशन भरलं. माझीच अक्कल.

पैसे वसूल झाले ते बाहेरच्या बाकड्यावर. शेजारी मुंब्र्याची एक मुलगी होती. वडिलांचं गॅरेज, आयुष्यात कर्ज घेतलं नाही. सेव्हिंग खात्यात पडणारं व्याजसुद्धा दर वर्षी काढून वाटून टाकतात. तिला तकाफुल, म्हणजे विम्याचा इस्लामी प्रकार शिकायचा होता. "अब्बूंना कुणीतरी विमा नीट समजावून सांगायला हवा ना, मग मीच," म्हणाली. पनवेलच्या मुलाचा हिशोब सरळ: भाऊ दोह्यात, एमबीए गल्लीगल्लीत, आपला सीव्ही वेगळा दिसला पाहिजे. एक सीए इंटरवाला होता, त्याला धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. ब्रिटनच्या सरकारनेच 2014 मध्ये 20 कोटी पौंडांचे सुकूक काढले, मग हे फक्त मुसलमानांचं कसं, हा त्याचा मुद्दा. सुकूक म्हणजे रोख्यासारखंच, पण व्याजाऐवजी मालमत्तेच्या भाड्यातला किंवा नफ्यातला वाटा मिळतो. कोकणात आमची शेती अर्धेलीने दिलेली, त्यामुळे वाट्याची भाषा मला लगेच कळली. चौघांची कारणं चार, आणि आत एकालाही कुणी "का" म्हणून नीट विचारलं नव्हतं.

अपवाद एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा 'मला हेच का शिकायचंय' हा निबंध, तपासणारी मुलगी. माझं पहिलं पान वाचून म्हणाली, "ताई, 'लहानपणापासून आवड' वगैरे सगळं खोडा. त्या 11.02 पासून सुरुवात करा." तिसऱ्या शनिवारी तेवढं एक काम झालं. चहाही बरा होता, आल्याचा.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही तिचे. जायचंच असेल तर आधी विचारा, हा विषय शिकायला तुम्ही आजवर कुणाला पाठवलंय का. सर गडबडले तर जिना उतरा.

मी सध्या नोकरी सांभाळून सीआयएसआय या ब्रिटनमधल्या वित्त क्षेत्रातल्या संस्थेची इस्लामिक फायनान्सची परीक्षा आधी देते आहे. एमएस्सीचे अर्ज पुढच्या वर्षी, माझे मीच भरेन. रजिस्ट्रेशनमधले दहा हजार 45 दिवसांत परत देतो म्हणाले होते, आज 71 वा दिवस. बाबांनी पावतीच्या मागे वरच्या 26 दिवसांचं व्याज काढून ठेवलंय, बारा टक्क्यांनी 85 रुपये 48 पैसे. मी म्हटलं, "बाबा, मी शिकतेय काय आणि तुम्ही मागताय काय!"

"तू शीक," म्हणाले, "मी वसूल करतो."